आदरपूर्वक विनंती म्हणे!

टेक्सासमधल्या आमच्या वाण्याच्या दुकानाच्या दारावर आज नवा कागद लागलाय. प्रिंटरमधून काढलेला साधा कागद, चार कोपऱ्यांना सेलोटेप. गिऱ्हाइकांनी पिस्तूल उघडं लावून आत येऊ नये, अशी 'आदरपूर्वक विनंती' आहे. आणि कागदापासून दहा पावलांवर एक गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून केळी निवडतायत. घड उलटसुलट करून. डाग नकोत त्यांना.

विनंती! लग्नपत्रिका आहे का ही? कृपया आहेर व पिस्तूल आणू नये, आपली उपस्थिती हाच आशीर्वाद?

बरं, तो कागद लावलाय कुठे? सरकत्या दारावर. माणूस जवळ आला की काच सरकते आणि कागदासकट शेजारच्या काचेमागे जाऊन बसते. म्हणजे आत शिरणाऱ्याला तो वाचता येतच नाही, लांब उभ्या कार्टवाल्या पोराला तेवढा दिसतो. तोही एकाच दारावर. फार्मसीकडच्या दारावर काही नाही, तिथे बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीझर उभा आहे. अक्षरं जेमतेम अर्धा इंच. फक्त इंग्रजीत.

अहो, टेक्सास आहे हे! इथे दुकानदाराला 'नको' म्हणायचा पूर्ण हक्क आहे, फक्त तो कायद्यात सांगितलाय तसा म्हणावा लागतो. परवानाधारकाचं उघडं पिस्तूल नको असेल तर राज्याच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०७ची पाटी. तिचा मजकूर त्या कलमात दिलाय तोच, आपलं लालित्य घालायचं नाही. इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही. उठून दिसणारा रंग, ठळक अक्षरं, उंची किमान एक इंच, आणि प्रत्येक प्रवेशद्वारावर. शर्टाखाली झाकलेलं पिस्तूलही नको असेल तर ३०.०६ची वेगळी पाटी. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षं आणि त्यावरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, त्यांच्यासाठी कलम ३०.०५ची पाटी. खांद्यावरच्या रायफलीचा मामलाही त्या ३०.०५ मध्येच, कारण ०६ आणि ०७ फक्त पिस्तुलापुरत्या. पिस्तुलावर लाल काट मारलेलं ते गोंडस चित्र परवानाधारकाला बांधत नाही. आणि लाल रंगातल्या '५१%'ची पाटी बारसाठी असते हो, ती वाण्याच्या दुकानात शोधत बसू नका.

म्हणजे आजचा कागद परवानावाल्याला लागूच नाही. बिनपरवानावाल्याच्या बाबतीत वकील तासाच्या दरानं वाद घालत बसतील. आणि परवाना आहे की नाही हे कमरेकडे बघून ना कॅशियरला कळतं, ना मला, ना त्या केळ्यांना.

मग उरतं काय? तोंडी सांगणं. नीट लावलेली पाटी ओलांडली तर दंड जास्तीत जास्त २०० डॉलर. पण तोंडावर 'बाहेर जा' सांगूनही माणूस हलला नाही की प्रकरण एकदम वर्षभराच्या कैदेपर्यंत आणि ४,००० डॉलर दंडापर्यंत जातं. थोडक्यात, या कायद्याला खरी धार येते ती कुणीतरी तोंड उघडल्यावर. ते उघडणार कोण? एकोणीस वर्षांची कॅशियर? तिला शिकवलेलं असतं की गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू नकोस, मॅनेजरला बोलव. मॅनेजर म्हणतो हेडऑफिसला विचारतो. हेडऑफिस म्हणतं, आम्ही सर्व लागू कायद्यांचं पालन करतो. वा! आम्हीही श्वास घेतो.

ही विनंतीची फॅशन जुनी आहे. स्टारबक्सनं २०१३ मध्ये आदरपूर्वक विनंती केली आणि वर स्पष्ट केलं की ही बंदी नव्हे. २०१४ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीनं आदरपूर्वक विनंती केली. ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये तेवीस जीव गेले, त्यानंतर महिन्यानं वॉलमार्टनंही तेच शब्द काढले. पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद केलं हे खरं, पण दारातल्या माणसाला पुन्हा आदरपूर्वकच. शब्दकोशात दुसरं क्रियाविशेषण नाही का?

याच दुकानात दाढीची पाती कुलूपबंद काचेच्या कपाटात असतात. बटण दाबा, घंटी वाजते, दहा मिनिटांनी किल्लीवाला येतो आणि आपल्याकडे बघतो, की हा पात्यांचं करणार काय. ते सेल्फ-चेकआउट यंत्रसुद्धा पिशवीत कोथिंबिरीची जुडी जास्त पडली की बोंबलतं. पिस्तुलाला मात्र मुक्तद्वार.

आणि गोंधळाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ओहायोतही उघडं शस्त्र बाळगणं कायदेशीरच. ५ ऑगस्ट २०१४ ला तिथल्या बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये बावीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणानं त्याच दुकानाच्या शेल्फवरची छर्‍याची बंदूक हातात घेतली आणि फोनवर बोलत फिरू लागला. दुसऱ्या गिऱ्हाइकानं ९११ हा आणीबाणीचा नंबर लावला. पोलीस आले आणि काही सेकंदांत त्याला गोळ्या घातल्या. त्याला कुणी आदरपूर्वक विनंती केली नव्हती.

असो. रक्तदाब वाढवून उपयोग नाही, माझ्या तर नाहीच. दुसऱ्याच्या दाराशी टेप लावून अक्षरांची उंची मोजणाऱ्या माणसाकडे लोक पिस्तूलवाल्यापेक्षा जास्त संशयानं बघतात, एवढं ताजं ज्ञान आज पदरी पडलं. पिस्तूलवाले गृहस्थ तर जाताना 'हॅव अ गुड वन' म्हणून गेले. माझ्या हातात टेप आणि कढीपत्ता.

टेप उघडलीच होती म्हणून काउंटरमागची पाटीही मोजली. माल परत करण्याच्या अटींची. इंग्रजी आणि स्पॅनिश, पांढऱ्यावर काळं, अक्षरं सव्वा इंच, भिंतीला स्क्रूनं पक्की. दोन्ही दारांपाशी एकेक.