विमानतळाच्या मेट्रोला वेगळं, महाग तिकीट नको

पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत मेट्रो नेली तर विमानप्रवाशांकडून जादा भाडं घ्यायला हरकत नाही, असं एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. विमानतळावर फक्त प्रवासी जातात का? सफाई करणारे, सामान चढवणारे, सुरक्षा रक्षक, दुकानांतली मुलं-मुली रोज दोन्ही वेळा जातात. त्यांनी कुठून द्यायचे जादा पैसे?

दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस 2011 मध्ये सुरू झाली, तेव्हा महाग तिकिटामुळे गाड्या रिकाम्या धावायच्या. दर उतरवल्यावर गर्दी वाढली. चेन्नईत तर विमानतळ हे नेहमीच्या मार्गावरचंच एक स्टेशन आहे, भाडंही नेहमीचंच.

आपल्याकडे मार्च 2024 पासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते. तिथून टर्मिनल जेमतेम चार-पाच किलोमीटर, पण खरी अडचण तिथेच सुरू होते. बॅगा घेऊन जिना उतरा, नगर रोडच्या गर्दीत रिक्षावाल्याशी घासाघीस करा. मेट्रोत वाचवलेले पैसे तिथेच जातात. (आणि रात्री अकरानंतर मेट्रो नाहीच, विमानं मात्र रात्रभर चालू.) वाघोलीपर्यंतचा मंजूर झालेला मार्गही नगर रोडनेच जाणार, म्हणजे विमानतळ बाजूलाच राहणार.

तोवर निदान रामवाडीहून ठरावीक वेळेला सुटणारी, सामान ठेवायला जागा असलेली पीएमपी बस हवी, आणि तिचं भाडं मेट्रोच्या तिकिटातच धरावं. मेट्रोच्या दुसऱ्या टोकाहून, वनाजहून निघालेल्या माणसाला एकाच तिकिटावर थेट टर्मिनलच्या दारात उतरता आलं पाहिजे.