आमचं जग सपाट नाही

एक मेसेज सध्या फिरतोय, माझ्याकडे तो तीन ग्रुपवरून आला. म्हणे लहानपणापासून तिरळेपणा किंवा आळशी डोळा (मेंदू नीट वापरत नाही म्हणून नजर कमी राहिलेला डोळा) असलेल्यांना जग फोटोसारखं सपाट दिसतं. आठव्या वर्षानंतर त्यावर काहीच इलाज नाही. त्यांनी गाडी आणि खेळाच्या नादी लागू नये. आणि नजर ६/६ असूनही धडपडत असाल, तर तो निव्वळ धांदरटपणा. मी ४३ वर्षांची आहे, लहानपणापासून तिरळी. म्हणून हे उत्तर.

धांदरटपणाचं आधी सांगते, कारण तेच जिव्हारी लागतं. ६/६ म्हणजे तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचता येणं. अंतराचा अंदाज निराळा. दोन बुबुळांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३८ सालीच दाखवून दिलं. लहानपणापासून डोळे एकाच जागी रोखले जात नसतील, तर मेंदू एक चित्र दाबून टाकतो. नंबर तपासताना हे कळतच नाही. पंगतीत वाढताना माझ्या हातून आमटी वाटीबाहेर गेली की "लक्ष कुठंय?" हे ठरलेलं. आजही चहा ओतताना मी पातेल्याची कड कपाला टेकवते, टक् असा आवाज आला की मगच ओतते. लक्ष कमी नव्हतं हो, इतरांपेक्षा जास्तच लागायचं.

जग सपाटही दिसत नाही. घाटातून जाताना जवळची झाडं पळतात, लांबचा डोंगर जागचा हलत नाही. त्यावरून एका डोळ्यालाही अंतर कळतं. सावली, ओळखीच्या वस्तूचा आकार, कोण कोणाला झाकतंय, हेही मदतीला असतं. अडतं ते हाताच्या अंतरावर, आणि संध्याकाळी एकरंगी फरशीच्या जिन्यावर, जिथे पायरीची कडच दिसत नाही. कडेला पिवळी पट्टी मारली की मी न थांबता उतरते.

आठव्या वर्षाची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ शिवून प्रयोग केले. पुढे तो उघडला तरी मेंदू त्याचं चित्र नीट घेत नव्हता. कोवळ्या वयातली ही हानी सहसा भरून येत नव्हती. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. लवकर उपचार हवेत, हे खरंच. पण त्यापुढे दार बंद, हे कुठून आलं? २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १२ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचा आळशी डोळा सुधारला, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आणि त्यात नजर धूसर करणारे थेंब घालून. मेंदूशास्त्राच्या प्राध्यापक सुझन बॅरी यांना तर ४८ व्या वर्षी, डोळ्यांच्या व्यायामानंतर, गाडीचं स्टिअरिंग पहिल्यांदा डॅशबोर्डपासून सुटं, पुढे आलेलं दिसलं. सगळ्यांचं असं होत नाही. माझं झालं नाही.

खेळाबद्दल एकच नाव पुरे. मन्सूर अली खान पतौडींच्या उजव्या डोळ्याची नजर १९६१ च्या अपघातात जवळजवळ गेली. त्यांच्या सगळ्या ४६ कसोटी आणि सहा शतकं त्यानंतरची आहेत. गाडीचं म्हणाल, तर लांबचं अंतर ओळखण्यात दोन चित्रांतल्या फरकाचा वाटा थोडाच असतो. मला पार्किंगला वेळ लागतो, इतकंच. चालवावी की नाही हे नेत्रतज्ज्ञ तपासून सांगतील.

या मेसेजमुळे मोठी माणसं डॉक्टरकडे जायचंच सोडतात, याची मला जास्त भीती वाटते. मोठेपणीही तिरळेपणाचं ऑपरेशन होतं. आणि आजवर नीट दिसणाऱ्याला अचानक एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.