‘उडत्या शवपेट्या’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातली सैन्यवाहू ग्लायडरं (दुसऱ्या विमानाने दोराने ओढत न्यायची बिनइंजिनाची विमानं) म्हणजे लाकूड-कापडाच्या उडत्या शवपेट्या, दोर सुटला की सगळा भरवसा नशिबावर, इटलीच्या सिसिली बेटापाशी शेकडो बुडाले, आणि हाताशी पॅराशूट असताना हा खटाटोप म्हणजे शुद्ध वेडेपणा.

‘शवपेटी’ हा शब्द त्यात बसणाऱ्या अमेरिकी सैनिकांचाच, तेव्हा तो खोडायला मी बसलेलो नाही. बाकीचं पाहू.

लाकूड-कापड? ब्रिटिशांचं होर्सा ग्लायडर लाकडी होतं, कबूल. अमेरिकी वॅको ग्लायडरचा सांगाडा मात्र पोलादी नळ्यांचा. वरून कापड ताणलं ते वजन वाचवायला. म्हणून तर त्यात तेरा सैनिक किंवा एक जीप जायची.

नशीब? ६ जून १९४४, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. ब्रिटिश ग्लायडर-चालक जिम वॉलवर्कने होकायंत्र आणि स्टॉपवॉचच्या जोरावर नॉर्मंडीतल्या काँ कालव्याच्या पुलापासून पन्नास मीटरच्या आत होर्सा उतरवलं. पाठोपाठ आणखी दोन. पाव तासात पूल ताब्यात.

सिसिलीत जुलै १९४३ मध्ये अडीचशेच्या आसपास माणसं बुडाली, हे खरंच आहे. पण समोरून जोराचा वारा असताना ओढणाऱ्या विमानांनी ग्लायडरं किनाऱ्यापासून फार लांब सोडली. बिनइंजिनाचं यंत्र तिथून जमिनीपर्यंत पोचणार कसं?

राहिलं पॅराशूट. ५ मार्च १९४४ ला आसाममधल्या लालाघाटहून वॅको निघाली ती ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे उतरायला. एकेका डकोटा मालवाहू विमानामागे दोन-दोन, तीही वाजवीपेक्षा जास्त भरलेली. डोंगरांवरच कित्येकांचे दोर तुटले, जेमतेम निम्मी ‘ब्रॉडवे’ नावाच्या मोकळवनात पोचली. तिथे सागाचे ओंडके ओढून पडलेल्या चाकोऱ्या गवताखाली लपलेल्या. पहिल्यांची चाकं त्यात उखडली आणि मागून येणारी त्यांच्यावरच आदळली. वरून एक घिरटी मारून पुन्हा उतरायची सोय नव्हती. माणसं गेली, जखमी झाली.

पण त्या मोडतोडीतून एक छोटा बुलडोझर चालत्या अवस्थेत निघाला. दिवसभर जमीन सपाट केली, आणि दुसऱ्या रात्री त्याच पट्टीवर डकोटा उतरू लागल्या. मग चिंडिट सैनिक (जपानी फळीच्या मागे लढणारी ब्रिटिशांची खास तुकडी), मग खेचरं. त्या रात्री डकोटातून पॅराशूटने बुलडोझर कसा टाकला असता, तेवढं मेसेजवाल्यांनी सांगावं.