५२ हजारांचं ऑनिंग की ९ हजारांची शेड? मांजलपूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मांजलपूरकर, नमस्कार.

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही नीट हिशेबासकट देतो. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बडोद्यात पश्चिमेच्या बाल्कनीवर १० फूट रुंद आणि ५ फूट पुढे येणारं घडीचं ऑनिंग, म्हणजे हवं तेव्हा उघडायचं आणि गुंडाळायचं कापडी छत, साधारण ५२ हजारांना पडतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. मकरपुऱ्यातला फॅब्रिकेटर त्याच मापाची पॉलीकार्बोनेटची, म्हणजे टणक प्लास्टिकच्या शीटची, शेड ९ हजारांत करून देतोय, तेव्हा माझा आकडा लोकांना उगाच घाबरवणारा आहे. ६०० रुपयांची हिरवी जाळी तेच काम करते. आणि ‘एसीच्या बिलातून पैसे सुटतात’ हे माझ्या लेखातलं वाक्य जाहिरातीतलं वाटतं. शिवाय ऑनिंगला उतार किती हवा, असंही तुम्ही विचारलंय.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. तुमची ६ बाय ४ फुटांची पश्चिमेची खिडकी म्हणजे सव्वादोन चौरस मीटर काच. मे महिन्यात दुपारी तीन ते सात या वेळात तिच्यातून सरासरी एक किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येते. ती बाहेर काढायला चांगल्या एसीला तासाला एक तृतीयांश युनिट लागतं. चार तासांचे सव्वा युनिट, उन्हाळ्याच्या शंभर दिवसांचे सव्वाशे-दीडशे युनिट. युनिटला सात-आठ रुपये धरले तर वर्षाला हजार रुपये वाचतात, फार तर बाराशे. ५२ हजार त्यातून सुटायला चाळीस-पन्नास वर्षं लागतील आणि त्याआधी कापड निदान पाच-सहा वेळा बदलावं लागेल. ते वाक्य लेखातून काढलं आहे. ऑनिंग घ्यायचं ते बाल्कनी दुपारी वापरता यावी म्हणून, दारं-फर्निचर उन्हाने फाटू नयेत म्हणून, हिवाळ्यात गुंडाळून ऊन घरात घेता यावं म्हणून. बिलासाठी घ्यायचं नाही.

या हिशेबाने तुमची जाळीच जिंकते, हेही मान्य. नुसत्या खिडकीचा प्रश्न असेल तर ७५ टक्के ऊन अडवणाऱ्या शेतीच्या जाळीइतकं स्वस्त आणि गुणाचं दुसरं काही नाही, एका उन्हाळ्यात ती आपले पैसे फेडते. फक्त ती लावण्यात दोन चुका सर्रास होतात. पहिली, जाळी काचेला चिकटवून बांधतात. मग जाळी तापते आणि ती धग काचेतून आत येते. काच आणि जाळी यांत निदान सहा ते नऊ इंच अंतर ठेवा, वर-खाली मोकळं सोडा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. दुसरी, कड न दुमडता सरळ जाळीलाच दोरी ओवतात, मग पहिल्या वादळात जाळीची घरं ओढली जाऊन कोपरा फाटतो. कड दोनदा दुमडून शिवून घ्या, दर फुटाला पितळी आयलेट, म्हणजे दोरी ओवायची कडी, ठोका आणि खालच्या कडेत अर्ध्या इंचाचा पाइप घाला. रंग काळा घेतलात तर जास्त टिकते, कारण काळ्या धाग्यातला कार्बन प्लास्टिकला उन्हापासून वाचवतो. पण जाळी पाऊस थांबवत नाही आणि बाल्कनीतून बाहेरचं दिसणंही कमी करते. खिडकीला ती पुरते, बसायच्या बाल्कनीला नाही.

आता पैशांकडे. ५२ हजार हा आकडा मी एकगठ्ठा लिहिला, ती माझी चूक. फोडून असा आहे: ऑनिंग ५० चौरस फूट, हाताने फिरवायचं, ॲक्रिलिक कापडाचं, ५०० रुपये दराने २५,०००. जास्तीच्या ब्रॅकेट आणि भिंतीच्या आतल्या बाजूच्या प्लेटा २,५००. पहिल्या मजल्यावर पालख (परांची) बांधून बसवण्याची मजुरी ४,०००. हे झाले ३१,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,६७०. म्हणजे हाताने चालणारं ऑनिंग ३७,१७० ला पडतं. रिमोटच्या मोटरचे १३,००० आणि त्यावरचा कर मिळवला की ५२,५१० होतात. तेव्हा मोटर नको असेल तर पंधरा हजार तिथेच वाचतात, आणि १० फुटांच्या ऑनिंगला मोटर लागतेच असं नाही. हँडलने मिनिटभरात उघडतं. मोटर घेतलीच तर हाताने फिरवायची सोय असलेलीच घ्या, नाहीतर वादळात वीज गेली की ऑनिंग उघडंच राहतं, आणि बंद करायची गरज नेमकी तेव्हाच असते.

कापड आणि ते ताणून धरणारे घडीचे हात यांचा दर कोणीही सांगतो. भिंतीचा खर्च मात्र कोटेशनमध्ये दिसत नाही, आणि माझा सगळा भर त्याच्यावर आहे. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये, बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे, अहमदाबादसाठी ३९. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात दाब वाढतो, म्हणून हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. बडोद्यात दाब सव्वापट धरावा लागतो. रोजच्या भाषेत सांगायचं तर ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात तुमच्या ५० चौरस फुटांवर साधारण ५५ किलोंचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की तोच दाब २२० किलोंवर जातो.

हे ५५ किलो भिंतीवर सरळ येत नाहीत. ते भिंतीपासून अडीच फुटांवर, म्हणजे ऑनिंगच्या मध्यावर येतात आणि ब्रॅकेटला पहारीसारखे उचकटतात. ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टपासून खालच्या कडेपर्यंत अंतर जेमतेम पाच इंच. हिशेब केला तर वरच्या बोल्टांवर मिळून ३३० किलोंची ओढ बसते, दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकीवर १६५. यात ऑनिंगचं स्वतःचं वजन अजून धरलेलं नाही. म्हणूनच घडीचं ऑनिंग ताशी ३० च्या वर वारा गेला की गुंडाळायचं असतं. चांगल्यातलं चांगलंही फार तर पन्नासाच्या अलीकडच्या वाऱ्यापर्यंतच बनवलेलं असतं.

तेव्हा विक्रेत्याला ‘चौरस फुटाला काय?’ असं विचारण्याआधी ‘बोल्ट कशात मारणार?’ हे विचारा. लिंटेल (दारा-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) किंवा बीमचं काँक्रीट मिळालं तर १२ मिमीचा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, पुरतो. पण बाहेरचं प्लास्टर पाऊण ते एक इंच जाड असतं आणि त्याची पकड शून्य धरायची. शंभर मिमीच्या बोल्टातून प्लास्टर, प्लेट आणि नट वजा केले की काँक्रीटमध्ये ६० मिमीच्या आसपासच राहतं, म्हणून लांब बोल्ट मागा. वीटकामात फुगणारा फास्टनर मारूच नका. तो घट्ट करताना वीट आतून तडकते, बाहेरून काही दिसत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात बोल्ट हाताने निघतो. बडोद्यातल्या वाडी, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत चुन्यातल्या विटा असतील तर हे दुप्पट खरं. तिथे आणि नव्या इमारतींच्या हलक्या, सच्छिद्र एएसी काँक्रीट ब्लॉकमध्ये एकच खात्रीचा उपाय: भिंत आरपार भोकून बोल्ट काढायचा आणि आतून ६ मिमी जाडीची, सहा इंच चौरस प्लेट लावायची. आतल्या भिंतीवर प्लेट दिसते म्हणून घरचे कुरकुरतात. ती रंगवून घ्या, पण वगळू नका. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट, वापरणार असाल तर भोकातली धूळ ब्रशने आणि फुंकणीने दोन-दोन वेळा काढायला लावा. धूळ राहिली तर केमिकल भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं.

आता ९ हजारांची शेड. शेडला माझा विरोध नाही. गच्चीच्या दारावर किंवा धुण्याच्या जागेवर, जिथे बारा महिने छप्पर हवंच, तिथे मीही शेडच सांगेन. पण ९ हजारांत काय येतं ते बघू. दीड इंची चौकोनी पाइपची चौकट आणि तिरके टेके धरून ५८ फूट पाइप लागतो. तो १४ गेजचा, म्हणजे २ मिमी जाडीचा असेल तर ४० किलो भरतो. वेल्डिंग आणि रंगासह ११५ रुपये किलोने ४,६००. सहा मिमीची पोकळ पॉलीकार्बोनेट शीट, कापाकापी धरून ५५ चौरस फूट, ६० रुपयांनी ३,३००. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, रबर, टेप, स्क्रू १,६००. अँकर ६००, मजुरी आणि वाहतूक ३,०००. एकूण १३,१००, पक्क्या बिलात १५,४५८.

मग ९ हजार कसे होतात? पाइप १ मिमीचा होतो, लोखंड निम्म्यावर येतं, तिथे २,३०० वाचतात. शीट ४ मिमीची होते. पट्ट्या आणि टेप गळतात. बिल कच्चं होतं. हे ओळखायला साधा काटा पुरतो: वीस फुटी पाइप वेल्डिंगआधी वजन करायला लावा. २ मिमीचा असेल तर साडेतेरा किलो भरेल. सातच भरला तर १ मिमीचा आहे, आणि त्याला वेल्डिंगच्या जागी भोकं पडतात. ती लांबी (पुट्टी) आणि रंगाने झाकतात. दोन-तीन पावसाळ्यांत गंज तिथूनच सुरू होतो.

टेपेचा मुद्दा किरकोळ वाटतो म्हणून जरा थांबतो. पोकळ शीटच्या आत लांबच लांब नळ्या असतात. वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद करायचं आणि खालच्या तोंडाला बारीक छिद्रांची टेप लावायची, म्हणजे आतला दमट वाफारा निघून जातो आणि धूळ-किडे आत शिरत नाहीत. दोन्ही तोंडं उघडी ठेवली तर पहिल्याच दिवाळीपर्यंत नळ्यांत हिरवं शेवाळ दिसतं, आणि ते मग कशानेही निघत नाही. शीटच्या एकाच बाजूला उन्हापासून बचावाचा थर असतो, ती छापील फिल्म लावलेली बाजू वर. उलटी बसवली तर शीट काही उन्हाळ्यांतच पिवळी पडून तडकते. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा तीन-चार मिमी मोठं हवं, कारण तीन मीटरची शीट थंडीतली पहाट आणि मेमधली दुपार यांच्या मध्ये जवळपास एक सेंटिमीटर लांबते. भोक घट्ट असेल तर ती जागा मागते, फुगते आणि स्क्रूपाशी चिरते. रात्री ‘कट-कट’ आवाज येतात ते याचेच.

आणि शेड असो की ऑनिंग, पश्चिमेला एक मर्यादा दोघांनाही आहे, जी लेखात मी पुरेशी ठळक लिहिली नव्हती. बडोद्यात मेच्या मध्याला साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर असतो. ५ फूट पुढे आलेल्या कडेची सावली त्या वेळी भिंतीवर कडेच्या पातळीपासून साडेतीन फूट खाली येते. साडेपाचला सूर्य एकवीस अंशांवर उतरतो आणि सावली दोन फुटांवर येते. त्यानंतरचं कलतं ऊन सरळ आत. म्हणून पश्चिमेला पुढच्या कडेवरून खाली सोडायचा पडदा किंवा तीच तुमची जाळी जोडीला लागते. दक्षिणेच्या खिडकीला याची गरज नाही, तिथे उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि दोन फुटांचा छज्जाही पुरतो. दक्षिणेला ऑनिंगवर पैसे घालू नका.

उताराबद्दल तुम्ही विचारलंय. पावसात उघडं ठेवायचं ऑनिंग फुटाला तीन इंच तरी उतरतं हवं, म्हणजे ५ फुटांना सव्वा फूट. दाराची उंची कमी म्हणून हा उतार कमी करतात आणि कापडात पाण्याचा फुगा होतो. सरासरी एक सेंटिमीटर पाणी साठलं तरी ४६ किलो होतात, वर हिशेब केलेल्या वाऱ्याच्या दाबाच्या जवळपास. हँडल फिरवताना कापड ते गुंडाळायच्या नळीच्या वरच्या बाजूने सुटतंय ना, हे बघा. शेवटच्या टोकानंतरही फिरवत राहिलं तर ते खालून उलटं गुंडाळायला लागतं, उतार बिघडतो आणि कापडावर कायमची वळी पडते. ओलं गुंडाळावं लागलं तर ऊन पडताच उघडून वाळवा.

तुमच्या ६ बाय ४ च्या खिडकीपुरतं माझं मत: या उन्हाळ्यात जाळी लावा, वर सांगितली तशी. त्या रुंदीवर ५ फुटांचं घडीचं ऑनिंग तसंही बसत नाही, दोन्ही हात मिटून आत राहायला साडेसहा फूट तरी रुंदी लागते. बाल्कनीसाठी त्याच फॅब्रिकेटरला १४ गेज, ६ मिमी शीट, टेप-पट्ट्या आणि आरपार बोल्ट लिहून दुसरं कोटेशन मागा. ते १५-१६ हजारांचं आलं तर माणूस सरळ आहे असं समजा. आणि बाल्कनीची भिंत विटांची आहे की ब्लॉकची ते इथे कळवा, त्यावरून बोल्टाची लांबी सांगतो.