डोकं टेकायची सोय

आमच्या घरात सध्या दोन प्रश्न आहेत. मुलगी कुठल्या कॉलेजात जाणार हा एक. दुसरा असा की, १९६८ च्या डिसेंबरात ओहायोतल्या नॉरवुड गावी बनलेल्या एका गाडीच्या पुढच्या सीटांना हेडरेस्ट होते की नव्हते. पहिल्याची काळजी बायको करते. दुसऱ्याची मीसुद्धा करू नये असं तिचं मत आहे.

गाडी म्हणजे १९६९ ची शेवर्ले कमॅरो. डिसेंबर अडुसष्टमध्ये बनलेली गाडी एकोणसत्तरची कशी, हे मी आईला फोनवर तीनदा समजावलं. इथे नव्या सालचं मॉडेल आदल्या सप्टेंबरातच बाहेर पडतं. आई म्हणाली, "आपल्याकडे अधिक महिना असतो, त्यांच्याकडे अधिक वर्ष असेल." मी हो म्हटलं.

मी मूळचा चिंचवडचा. गेली अठरा वर्षं डेट्रॉइटच्या शेजारी नोव्हायला आहे आणि पोटापाण्यालाही गाड्यांचेच सुटे भाग आहेत. दर ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून चालू आहे. पालखी बघायला बसावं तशी माणसं सकाळपासून रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतात. मीही बसायचो. नुसतं बसायचो तोवर ठीक होतं.

विकणारा म्हणाला, "आतून सगळी ओरिजिनल आहे." मी डॅशबोर्ड कापून बसवलेल्या कॅसेट प्लेअरकडे बघितलं. "हा सोडून," तो म्हणाला. मग मी स्टिअरिंगवरच्या अस्वलाच्या कातड्याकडे बघितलं. "हे काढता येतं," तो म्हणाला. एवढ्यावर मी गाडी घेतली. माणूस मुलगी बघायलासुद्धा याहून जास्त चौकशी करतो.

गाडी आतून कारखान्यातून निघाली तशी करायची, असं ठरवलं. बाहेरचं सोपं असतं. रंग दिला, क्रोम चमकवलं, लोक मान डोलावतात. खरे जाणकार दार उघडून आत वाकतात. सीटच्या विनाइलवरचा दाणा बारीक की मोठा, स्क्रूचं डोकं कसलं, गालिच्याचा धागा वळलेला की कापलेला, यावर त्यांचं मत ठरतं. गालिच्यात ऐंशी टक्के रेयॉन आणि वीस टक्के नायलॉन हवं. ही माहिती मिळाल्यापासून मी लोकांच्या घरी गेलो की आधी वाकून गालिचा चाचपतो. आम्हाला जेवायला बोलावणाऱ्यांची संख्या थोडी घटली आहे.

आता ही माहिती मिळवायची कुठून? पॉन्टिअ‍ॅकवाल्यांचं नशीब थोर. ती गाडीही शेवर्लेच्याच घरातली, जनरल मोटर्सची. गाडीचा नंबर आणि पैसे पाठवले की पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या कागदांची प्रत घरी येते. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. त्यात गाडीवर काय काय मागवलं होतं, कुठल्या तारखेला बनली, सगळं. जन्मवेळेसकट पत्रिका! शेवर्लेच्या त्या काळी अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या अशा नोंदी मिळत नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या मिळतात. डेट्रॉइटच्या नदीकाठी उभं राहिलं की पलीकडे कॅनडातलं विंडसर दिसतं. माझी गाडी नवी असताना तेवढी नदी ओलांडून विकली गेली असती, तर आज माझ्या हातात कागद असता. मी कधीकधी संध्याकाळी त्या काठावर जाऊन उभा राहतो. बायकोला वाटतं मला हवा आवडते.

आणि फायरबर्ड ही कमॅरोची चुलत बहीण. अंगापिंडानं तीच, फक्त कूळ पॉन्टिअ‍ॅकचं. माझ्या ओळखीच्या एका फायरबर्डवाल्यानं आपला कागद फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, जिथे आपल्याकडे आजोबांचा फोटो असतो.

माझ्याकडे काय होतं? बॉनेटखाली पत्र्यावर रिव्हेट केलेली एक पट्टी. तिला ट्रिम टॅग म्हणतात. त्यावरचं एनओआर म्हणजे नॉरवुड, ५७ म्हणजे फॅदम ग्रीन रंग, ७११ म्हणजे आतून साधं काळं विनाइल. आणि कोपऱ्यात १२डी, म्हणजे बाराव्या महिन्याचा चौथा आठवडा. एवढी चार अक्षरं वाचता आली तेव्हा मला शिलालेख लावल्याचा आनंद झाला होता. तो १२डीचा अर्थ नीट कळेपर्यंत टिकला.

झालं असं की, गाडीत मागून धक्का बसला तर मान मोडू नये म्हणून अमेरिकन सरकारनं नियम काढला. १ जानेवारी १९६९ पासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीला पुढच्या सीटांवर डोकं टेकायची सोय हवी. त्याआधी ती ज्याला हवी त्यानं जास्तीचे पैसे भरून घ्यायची. म्हणजे ऑक्टोबरातली कमॅरो असेल तर हेडरेस्ट नसलं तरी चालतं. फेब्रुवारीतली असेल तर हवंच. आणि माझी? डिसेंबरचा चौथा आठवडा, ऐन नाताळ. त्यातून टॅगवरचा आठवडा हा सांगाड्याच्या वेळापत्रकाचा, पूर्ण गाडी दाराबाहेर पडल्याचा नव्हे. सुट्टी लागली असेल, गाडी अर्धवट उभी राहिली असेल, नवं वर्ष उजाडलं असेल. नरसिंहाच्या वेळेसारखं झालं: ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर, नेमकं उंबरठ्यावर.

गाडीला हेडरेस्ट होते, नव्हते असं नाही. दोन होते. पण डावं उंच आणि अरुंद, उजवं बसकं आणि रुंद. एकाच पंगतीला वाढलेले दिसत नव्हते. सीटचा खोळ उसवून पाहिला, तर आत दांडा बसायची नळी होती. मला हर्ष झाला. मग मनात आलं, सीट तरी हिचीच कशावरून? सीटबेल्टवर शिवलेल्या लेबलवर कोणत्या आठवड्यात बनला ते असतं, म्हणून तिकडे वळलो. डाव्याचं लेबल अडुसष्टचं, उजव्याचं एकाहत्तरचं. तेव्हापासून उजव्या बाजूच्या कुठल्याच वस्तूवर माझा विश्वास नाही.

जुने फोटो जमवायला लागलो. जाहिरातीतले उपयोगाचे नसतात. ते उत्पादन सुरू होण्याआधीच्या नमुन्याच्या गाड्यांचे, वर ब्रश फिरवलेले. म्हणून जुन्या बाजारात खोकंभर परक्या लोकांचे अल्बम विकत घेतले. एकोणसत्तर सालचे वाढदिवस, तळ्याकाठच्या सहली, कोणाची तरी पदवी. मी भिंग घेऊन माणसांच्या मागे काय आहे ते बघतो. एका फोटोत कमॅरो सापडली, काच खाली, ऊन अगदी योग्य. स्टिअरिंगमागे एक बाई बसली होती. त्या काळच्या बायका केस किती फुगवत असत, याची कल्पना नसेल तर सांगतो: त्या फोटोत हेडरेस्ट असलं तरी दिसलं नसतं, आणि नसलं तरी तिला गरज नव्हती.

मग शिकागोजवळच्या एका प्रदर्शनात एक जाणकार भेटले. सत्तरी उलटलेले, खिशात टॉर्च, गळ्यात दोन चष्मे. मी गाडी नेली नव्हती, तीनशे फोटो नेले होते. त्यांनी दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी पाहिली, सांगाडा बनवणाऱ्यांची 'बॉडी बाय फिशर' ही अक्षरं आणि बग्गीचं चित्र असलेली, आणि हुंकार दिला. गालिचा पाहून मान फिरवली. मग डॅशबोर्डावरच्या घड्याळावर आले.

"चालतं?"

"नाही."

त्यांचा चेहरा उजळला. ही घड्याळं स्वतःला विजेनं किल्ली देत, आणि किल्ली देणारे संपर्कबिंदू जळून ती लवकरच बंद पडत. पन्नास वर्षांनी चालणारं घड्याळ म्हणजे कोणीतरी आत हात घातला. "हे मात्र अस्सल," ते म्हणाले. माझ्या गाडीतली एकमेव प्रमाणित वस्तू म्हणजे बंद घड्याळ. हेडरेस्टबद्दल विचारल्यावर त्यांनी टॉर्च विझवली.

नॉरवुडचा कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. पण तिथे काम केलेली माणसं आहेत, आणि ओहायोतल्या एका जुन्या बाजारात मला त्यातले एक आजोबा भेटले. देव भेटल्यासारखा मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. अडुसष्टचा डिसेंबर, शेवटचा आठवडा, हेडरेस्ट, मी सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे कॉफी संपवली.

"मी डाव्या दाराला काच खालीवर करायचं हँडल लावायचो," ते म्हणाले. "सीट माझ्या पुढे लागायच्या. मी कधी मान वळवून बघितलं नाही. दुसरी गाडी येत असायची ना."

मग त्यांनी विचारलं, गाडी आणलीय का. या वेळी आणली होती. आजोबा आले, डावं दार उघडून वाकले, हँडल धरलं आणि काच सावकाश खाली नेऊन वर आणली. सीटकडे पाहिलंच नाही. "जरा सैल आहे," म्हणाले आणि जिन्सला हात पुसून निघून गेले. हँडल त्यांनीच लावलेलं असावं अशी माझी श्रद्धा आहे. मी ते अजून आवळलेलं नाही.

शेवटी तोडगा बायकोनं सुचवला. तिच्या मावशीनं तिला लग्नात पैठणी दिली होती, त्यामुळे अस्सल-नकलीच्या शास्त्रात ती माझ्या फार पुढे आहे. ती म्हणाली, "पैठणी खरी की खोटी हे पदर उलटून बघतात. मागूनही पुढच्यासारखीच नक्षी दिसली तर खरी. तू नुसता वरून हात फिरवत बसलायस. सीट उलटून बघ ना."

कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर काय काय लावायचं त्याचा चौकोनाचौकोनांचा एक कागद फिरायचा. कामगार तो कधीकधी गाडीतच कुठेतरी राहू देत. कोणाला पेट्रोलच्या टाकीवर सापडतो, कोणाला सीटच्या स्प्रिंगांत. मी पुढच्या सीटा उसवल्या होत्या, मागच्या बाकाला हात लावला नव्हता. शनिवारी सकाळी बाक उचकटून अंगणात पालथं घातलं. स्प्रिंगांत काथ्या, दोन पेनी, एक केसांची पिन (फोटोतल्या त्या बाईची नसेलच असं नाही) आणि घडी घातलेला पिवळा कागद. मी बायकोला हाक मारली. मुलगीही आली. हात पुसून, श्वास धरून, पोथी उघडावी तशी घडी उघडली.

गाडीचा नंबर जुळत होता. रंग, आतलं विनाइल, रेडिओ, सगळं वाचता येत होतं. मधोमध मात्र लिंबाएवढं भोक होतं, कडा कुरतडलेल्या. ज्या ओळीत हेडरेस्ट असतं ती ओळ भोकाच्या एका काठाला सुरू होत होती आणि दुसऱ्या काठाला संपत होती. स्प्रिंगांत जो काथ्या वाटला होता त्यात बारीक पिवळे तुकडेही होते. घरटं होतं ते.

मी अंगणात खाली बसलो. बायकोनं कागद उन्हात धरला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उंदराला बोलू नकोस काही. बाप्पाचं वाहन तुझ्या वाहनात राहून गेलंय."

सध्या डाव्या सीटचं हेडरेस्ट काढलंय, उजव्याचं ठेवलंय. निम्मी गाडी डिसेंबरातली, निम्मी जानेवारीतली. उजवीकडे बायको बसते. तिचं म्हणणं, नियम एक जानेवारीचा असो नाहीतर संक्रांतीचा, मान तिची आहे.