पाण्याच्या टाकीवरची नववी

गावच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर जुंपलीय. निमित्त, शाळेला दिलेले बारा टॅब. अर्धे म्हणतात, आता आमची पोरं कोल्हापूरच्या पोरांच्या तोडीस तोड. अर्धे म्हणतात, रील बघून पोरं बिघडली, टॅब परत घ्या. मी हे जर्मनीत, श्टुटगार्टच्या एस-बान लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचतो. बोगदा आला की माझीच रेंज जाते.

मला दोघांचाही राग येतो. मे महिन्यात भुदरगडला गेलो तेव्हा ते टॅब बघून आलोय. बिघडायला आधी ते पोरांच्या हातात तरी पडायला हवेत! मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट, त्याला कुलूप, आत बारा खोकी. निम्म्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. "फुटला तर भरून कुणी द्यायचा?" सर म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खेड्यातल्या शंभरातल्या जेमतेम 15 घरांत इंटरनेट होतं. आता फोन घरोघरी आलेत, मान्य. पण घरात एक फोन म्हणजे पोराला फोन नव्हे. 2020 साली चुलतभावाची थोरली नववीत होती. घरातला एकुलता फोन सकाळी बापाबरोबर कारखान्यावर जायचा, तो दिवेलागणीला परत. मग ही पोरगी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसायची, तिथंच दोन काड्या यायच्या. सह्याद्री वाहिनीवर धडे लागायचे, पण ते पहिली ते आठवीचे.

माझा लेक तेव्हा दुसरीत. शाळा डिजिटल करायचा पाच अब्ज युरोचा सरकारी करार, डिजिटालपाक्ट, 2019 मध्येच झालेला, तरी त्याच्या बाई दर सोमवारी दारात स्वाध्यायाच्या कागदांची पिशवी ठेवून जायच्या. मी ग्रुपवर जरा टेचातच लिहिलं, की जर्मनीचं कागदावर भागलं, तुम्हाला टॅबचं कौतुक कशाला? वर शाहू महाराजांनाही ओढलं. 1917 ला सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, पण त्याआधी 1901 पासून बोर्डिंगं उभी केली. राहायला जागा आणि पोटाला भाकरी आधी, पाटी मागनं. माझे वडील कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले, हेही लिहिलं.

चुलतभावाचं उत्तर लगेच आलं. "पिशवी पोचवायला तुझ्या बाईंना डांबरी रस्ता होता, भावा. आणि पोरगी टाकीवर चढत होती तेव्हा एक जुना फोन पाठवला असतास तर?"

जुना फोन होता. ड्रॉवरमध्ये पडून होता, अजून आहे. त्या वर्षी मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचो, बापाच्या त्याच फोनवर, तासभर. त्या तासात तिचं काय राहून जात असेल, हे मनात आलं नाही.

बारातले चार टॅब माझे. देणगीदारांची पट्टी कपाटाच्या दारावर चिकटवलीय. बाकीच्यांच्या नावापुढं रा. गारगोटी, रा. कडगाव, रा. कोल्हापूर. माझ्यापुढं रा. जर्मनी. सरांना म्हटलं, गावाचं नाव घालायचं होतं की. ते म्हणाले, "बदलू की, पुढच्या वेळी याल तेव्हा."