मन अडते ते आळसाने नव्हे

चवथ झाल्यापासून आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे: ‘२१ दिवस मन मारा, कोणतीही सवय सुटते. एक दिवस चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. मन विरोध करते तो निव्वळ आळस, त्याचे ऐकू नका. पिणाऱ्याला तोंडावर सुनवा, आजच्या आज सगळे बंद करायला लावा.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण यातले एकही वाक्य धड टिकत नाही, आणि शेवटचे तर जिवावर बेतू शकते.

आधी तो २१ चा आकडा. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात, असे त्यांनी १९६० मध्ये लिहिले. पुढे त्यातले ‘किमान’ गळून पडले आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय येऊन बसली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर १२ आठवडे नजर ठेवली. जेवणासोबत फळ खाणे, रोज थोडे धावणे अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याचा त्यांचा मधला आकडा ६६ आला. कुणाचे १८ दिवसांत जमले, तर कुणाचा हिशेब, १२ आठवड्यांपुढचा अंदाज धरून, २५४ दिवसांपर्यंत गेला.

आपल्या घरातच बघा ना. श्रावणात कित्येक चुलींवर महिनाभर मासळी चढत नाही. म्हणून भाद्रपदात कुणाची हुमणाची ओढ संपलेली पाहिली आहे? श्रावण सहज पार पडतो, कारण अख्खे घर सोबत असते आणि शेवट ठरलेला असतो.

एक दिवस चुकला तर? लॅलींच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. ‘पहिल्यापासून’ या धाकाने मात्र माणूस सगळेच सोडून देतो.

आता आळसाचा आरोप. मला सगळ्यात जास्त लागते ते हेच वाक्य. संध्याकाळी बारवर जाणारा निवृत्त माणूस घ्या. पिणे सोडायचे त्याने मनापासून ठरवलेले असते, आणि सात वाजले की पाय तिकडेच वळतात. तिथे त्याला नावाने हाक मारणारी माणसे भेटतात. घरी मुले कामावरून उशिरा येतात, मोबाईल घेऊन बसतात. पेला सोडायचा म्हणजे तो दिवसातला एकमेव बोलण्याचा तास सोडायचा, आणि मन त्या तासाला घट्ट धरून बसते. हार्वर्डमध्ये शिकवलेले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कीगन आणि लिसा लाहे हेच सांगत आले आहेत: बदल हवा असतो तेव्हाच आत आणखी काहीतरी जपायचे असते आणि दोन्ही ओढी खऱ्या असतात. अशा मनाला मारून काय मिळणार? ते काय जपते आहे ते विचारा, आणि त्या तासाची दुसरी सोय करा. देवळात संध्याकाळचे भजन असेल, तियात्राची किंवा नाटकाची तालीम असेल, नाहीतर नुसता घरच्या सोप्यावर सोबतीने घेतलेला चहा.

आणि तोंडावर सुनावणे? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेल्या समुपदेशनाचा पायाच याच्या उलट आहे. ‘तू सोडलीच पाहिजेस’ म्हटले की समोरचा न सोडण्याची कारणे सांगू लागतो. स्वतःच्याच तोंडून ती ऐकता ऐकता ती त्याला जास्त पटतात. सोडण्याची कारणे त्याच्याकडून यायला हवीत.

यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर हा मार्ग वापरून पाहिला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार भेटी, एकेक साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी विचारले तेव्हा मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के निघाले. ज्यांना हे समुपदेशन मिळाले नव्हते त्यांच्यात १८ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापले. सगळे सुटले नाहीत, हेही त्यातच दिसते. पण न ओरडता एवढे झाले.

राहिले ‘आजच्या आज बंद’. बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर हात थरथरणे, झटके, भ्रम असे होऊ शकते आणि त्यात मृत्यूही ओढवतो. त्यावर औषधे आहेत, म्हणून आधी डॉक्टर. जवळचे आरोग्य केंद्र चालेल, बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. घरात कुणी अचानक सोडली असेल आणि झटका आला किंवा तो भलतेच बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.